पाच रुपयांचं तिकीट काढायची सोपी रीत

कल्याणच्या पुढच्या एखाद्या छोट्या स्टेशनजवळ तुम्ही नुकतंच घर घेतलं असेल, तर अभिनंदन. 'स्टेशनपासून पाच मिनिटं' हे बिल्डरने खोटं सांगितलेलं नाही. ती पाच मिनिटं स्टेशनपर्यंतची. तिकिटाची त्यात धरलेली नाहीत. गेल्या मंगळवारी मी तीही मोजून पाहिली, म्हणून हे चार सल्ले.

आधी पास काढा. महिन्यातून दोनदाच जायचं असलं तरी काढा. रोजच्या रोज तिकीट काढणं ही रिकामटेकड्यांची चैन आहे.

पास नसेलच, तर रेल्वेचा इतिहास पाठ करायला घ्या. रांगेत वेळ भरपूर मिळतो. 16 एप्रिल 1853 ला दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली गाडी सुटली. 14 डबे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, 21 तोफांची सलामी आणि आत सुमारे 400 निमंत्रित पाहुणे. निमंत्रित! म्हणजे या देशातल्या पहिल्या प्रवासी गाडीत तिकिटाच्या रांगेतून आलेला कुणी नव्हताच. रांग हा प्रकार तेव्हापासून रेल्वेच्या डोक्यात शिरलेला नाही, असं माझं नम्र मत आहे. पुढे 1854 ला गाडी कल्याणला आली, 1856 ला खोपोलीला गेली, 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी ते कुर्ला विजेवर धावली. त्याला 2025 ला शंभर वर्षं झाली. आमच्यासारख्या स्टेशनांचं या इतिहासात काय? तर गाडी थांबते. कधी कधी दोन स्टेशनांच्या मध्येही थांबते, त्यामुळे तेही फारसं मोठेपण नाही.

इंडिकेटरकडे बघू नका, पुलावरून पळणाऱ्या लोकांकडे बघा.

स्वच्छतागृहासाठी घरूनच जाऊन या.

रविवारच्या लग्नाचं आमंत्रण आलं तर आहेर ऑनलाइन पाठवा, रविवारी दुरुस्तीसाठी गाड्या अडवणारा मेगाब्लॉक असतो.

सोयींबद्दल तक्रार करायची असेल तर आधी नाव बदलायची मागणी करा, ती लवकर मंजूर होते. व्हीटीचं 1996 ला सीएसटी झालं, 2017 ला त्यात 'महाराज' आले. 2018 ला एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं. नावं बदलली याचं मला दुःख नाही, चांगलंच झालं. पाटी रंगवायला माणूस मिळतो, खिडकीत बसायला मिळत नाही, एवढंच.

तर खिडकी. आमच्याकडे तीन आहेत. घाबरू नका, उघडी एकच असते. एकीवर 'बंद' अशी पाटी. दुसरीवर पाटीसुद्धा नाही. आत खुर्ची रिकामी आणि वर पंखा गरगर चालू. उघड्या खिडकीची रांग थेट रिक्षा स्टँडपर्यंत. शेजारी एटीव्हीएम, म्हणजे आपलं आपण तिकीट काढायची मशीनं, दोन. एकाचा पडदा काळा. दुसरं चालू आहे, पण कर्जतवर बोट ठेवलं की कसारा उमटतं. मशीनपाशी बसून लोकांना तिकिटं काढून देणारे रिटायर्ड काका त्या दिवशी आलेच नव्हते. पूर्वी कुपनं होती, आठवतात? पुस्तिका खिशात, मशीनमध्ये कुपन घातलं की ठक्क, झालं काम. ती बंद केली. चालत होती ना!

मग मी शहाणपणा केला. मोबाइल काढला, अ‍ॅप उघडलं. अ‍ॅप म्हणालं, तुम्ही स्टेशनच्या आवारात आहात, इथून तिकीट काढता येणार नाही. पुन्हा वाचा. स्टेशनवर आलात, म्हणून तिकीट मिळणार नाही! मला कारण माहीत आहे, टीसी दिसला की लोक तिकीट काढतात म्हणून. पण चोरासाठी लावलेली कडी नेमकी मालकाच्याच बोटावर कशी आपटते? आवारातच तिकीट काढता यावं म्हणून भिंतीवर क्यूआर कोड होता, तो निम्मा कुणीतरी सोललेला, उरलेल्या निम्म्यावर पानाची पिंक. मग मी तिकीट मिळवण्यासाठी स्टेशनपासून लांब चालू लागलो. वडापावची गाडी ओलांडली. अ‍ॅप म्हणालं, नाही. झेरॉक्सवाला गेला. नाही. शेवटी गणपतीच्या देवळापाशी पोचलो आणि तिकीट आलं. देवाची कृपा. हात जोडून मागे वळतो तोवर 9:12 सुटली.

धापा टाकत पुलाशी आलो, तर जिन्याच्या तोंडाशी तीन टीसी. माझ्या पुढेच रांगेत असलेला कॉलेजचा एक मुलगा कंटाळून तसाच आत आला होता, त्याला धरलेलं.

"रांगेत उभं राहायला काय होतं रे तुला?"

"उभाच होतो साहेब. वीस मिनिटं."

"मग तिकीट कुठंय?"

दंड अडीचशे, वर भाडं. नियम आहे, मुलगा चुकला, मान्य. पण अहो, पाच रुपये घ्यायला तुमच्याकडे एक माणूस आणि अडीचशे घ्यायला तीन? तेही जिन्याच्या तोंडाशी, गाडी रिकामी होत असताना? अरुंद जिन्यावर गर्दी अडली की काय होतं ते 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोडला दिसलं ना? 23 माणसं चेंगरून गेली तिथं. त्यातून एवढंही शिकला नसाल तर काय म्हणायचं तुम्हाला!

आणि तुम्ही, क्यूआर कोडवर थुंकणारे, पूल दिसत असताना पोरांचा हात धरून रुळांवरून जाणारे, तुम्हीही हसू नका. रूळ ओलांडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि तो दर वेळी वसूल होत नाही म्हणून तुमचं फावतं. पिंक टाकताना लाज वाटत नाही, रांग लांबली की मात्र आवाज तुमचाच सगळ्यात मोठा.

आता सल्ला-बिल्ला काही नाही. साहेब, दुसरी खिडकी उघडा. पंखा चालूच आहे, त्याच्याखाली एक माणूस बसवा.