काट्यावरची चेन

गेल्या सोमवारी परभणी जिल्ह्यातल्या झरीच्या अलीकडे माझ्या मोटारसायकलची चेन तुटली. मिस्त्रीच्या दुकानापर्यंत गाडी ढकलत नेताना मागून येणाऱ्या प्रत्येकाने वेग कमी करून "सर, चेन तुटली का?" असे विचारले, त्यांत माझे दोन माजी विद्यार्थीही होते. तुटलेली चेन हँडलला लोंबत असताना या प्रश्नाला उत्तर देण्याची गरज नव्हती, तरी मी प्रत्येक वेळी दिले.

चेन अवघी आठ महिन्यांची होती. मी गणित शिकवतो, म्हणून आदल्याच रविवारी तिला फूटपट्टी लावून पाहिली होती. ४२८ क्रमांकाच्या चेनमध्ये पहिला ४ म्हणजे दोन पिनांमधले अंतर इंचाचे चार अष्टमांश, म्हणजेच १२.७ मिलिमीटर. या हिशेबाने वीस कड्या २५४ मिलिमीटर भरायला हव्यात. माझ्या २६१ भरल्या. लोक चेन 'वाढली' म्हणतात, पण पट्ट्या ताणल्या जात नाहीत, पिन आणि तिच्याभोवतीची नळी, म्हणजे बुश, एकमेकांना झिजवतात आणि प्रत्येक सांध्यात केसभर फट पडते. हे सगळे ठाऊक असूनही मी सोमवारी गाडी बाहेर काढली.

मिस्त्रीने दोन चेन समोर टाकल्या, एक साधी ४२८ आणि दुसरी जाड पट्ट्यांची ४२८ एच. "दोन्ही चांगल्याच हायेत," एवढेच तो म्हणाला. तेवढ्यात सायकलचे पंक्चर काढून घ्यायला बसलेले एक आजोबा, बाजारातून उरलेल्या लसणाचे पोते शेजारी ठेवून, मध्ये पडले.

"जर्मन माल हाये का?"

अशी बुश-रोलरची चेन हान्स रेनॉल्ड यांनी १८८० साली मँचेस्टरला तयार केली, जर्मनीचा येथे संबंध नाही, असे मी नम्रपणे सांगितले.

"जगात जर्मनी अन् भारतात परभणी," ते म्हणाले आणि विषय संपला. "थांबा, मपल्यापाशी काटा हाये."

पोत्याआडून काटा निघाला. लसणाची साले फुंकून त्यांनी दोन्ही चेन आळीपाळीने, निवडून घेतल्यासारख्या, ताटलीत ठेवल्या. एच १ किलो २४० ग्रॅम भरली, साधी १ किलो ६० ग्रॅम. मग त्यांनी मिस्त्रीला दर विचारला. जाड ६२०, साधी ५८०. मी खिशात पेन शोधत असतानाच आजोबा म्हणाले, "ही पाचशे रुपये किलो पडली. ती पाचशे सत्तेचाळीस. म्हंजे जाडच स्वस्त हाये की!" आणि माझ्याकडे वळून, "सर, तुमी काय शिकवता?"

"गणित."

त्यावर ते काही बोलले नाहीत. मला राग आला तो त्या न बोलण्याचा.

अधिक राग याचा की त्यांचे फारसे चुकले नव्हते. एचच्या बाजूच्या पट्ट्या जाड असतात, म्हणून ती जड असते. मात्र खरी झीज ठरते ती पिनेचा वरचा थर किती कडक केला आहे यावरून, आणि ते ना काट्यावर कळते ना खोक्यावर. मागच्या वेळी मी घेतलेल्या खोक्यावर नामांकित छाप होती, आतला माल कुणाचा होता ते देव जाणे. पिनेभोवती रबरी कडी बसवून आतले ग्रीस कोंडून ठेवणारी चेन घ्यावी म्हटले, तर माझ्या गाडीच्या मापाची येथे मिळत नाही. आपल्याकडची काळी माती पहिल्या पावसात ऑइलमध्ये कालवली गेली की सांध्यांना लागणारी ती कानसच असते, आणि त्याच मातीतून रोज शाळेत जायचे असते. आठ महिन्यांपूर्वी पैसे वाचवण्यासाठी मी जुनीच स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यांवर फिरते ती दातेरी चाके, ठेवली होती आणि त्यांच्या झिजलेल्या दातांनी नवी चेन खाल्ली, हेही मिस्त्रीने सर्वांसमक्ष सांगितले. ते नंतर सांगितले असते तरी चालले असते.

मी एच चेन दोन्ही स्प्रॉकेटसह घेतली. चेनची टोके जोडणाऱ्या लॉकच्या क्लिपचे उघडे तोंड चेन फिरते त्याच्या उलट दिशेला आहे ना, हे मी वाकून पाहिले, तेवढीच माझी विद्वत्ता कामी आली. निघताना आजोबांकडून अर्धा किलो लसूण घ्यावा लागला.

घरच्या काट्यावर तो ४४० ग्रॅम भरला. दोन्ही चेन मात्र एकाच काट्यावर तोलल्या होत्या, त्यामुळे निदान तुलना तरी बरोबर होती.