‘पुण्यात बसून’ भूर्जाविषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘हिमालयप्रेमी’ या नावाने आलेल्या प्रतिक्रियेला दोन ओळींत उत्तर देता आले असते, परंतु तिच्यातल्या एका वाक्याने मला दोन दिवस स्वस्थ बसू दिलेले नाही, म्हणून सविस्तर लिहिते. भूर्ज या हिमालयातल्या झाडाच्या, पूर्वी लिहिण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सालीचा, म्हणजे भूर्जपत्राचा, जपून वापर करता येईल, या आशयाच्या माझ्या लेखावर आपण लिहिता : “पुण्यात बसून भूर्जाची साल काढण्याचे सल्ले देणे सोपे आहे. साल काढली की झाड मरते, एवढेही लेखिकेला ठाऊक नसावे. गंगोत्री-भोजबासा अंतरही चुकले आहे. शिवाय मागणी वाढल्यावर कोण किती साल काढतो, हे मोजणार कोण?”

अंतराची चूक आधी मान्य करते. गंगोत्रीहून गोमुखाच्या वाटेवरचे भोजबासा १४ किलोमीटरवर आहे. मी १८ लिहिले, ते गोमुखाचे अंतर. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवल्याबद्दल आपली आभारी आहे.

आता ‘पुण्यात बसून’. भूर्जपत्राविषयी बोलण्याचा हक्क पुण्याला नाही, असे आपण कशाच्या आधारावर ठरवलेत? संस्कृतचे जर्मन अभ्यासक जॉर्ज ब्यूलर यांनी १८७५ साली काश्मीरमधून जमवलेली हस्तलिखिते आज पुण्यातच, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत आहेत, आणि शारदा या काश्मीरच्या जुन्या लिपीतला भूर्जपत्रावरचा ऋग्वेदही त्यांतच आहे. संस्थेतील ऋग्वेदाच्या ज्या ३० हस्तलिखितांना युनेस्कोने २००७ मध्ये जागतिक स्मृतिनोंदीत स्थान दिले, त्यांत या पोथीचा समावेश आहे.

माझ्यापुरते सांगायचे, तर वयाच्या बाविसाव्या वर्षापासून अकरा वर्षे मी जुन्या पोथ्यांच्या जतनाचे काम केले आहे. भूर्जाचे पान कागदासारखे फाटत नाही, ते पदरापदराने सुटते. कोरडे पडले की वरचा पापुद्रा अक्षरांसकट उचलला जातो, आणि मऊ कुंचल्याने तो पुन्हा जागेवर बसवताना श्वास रोखून धरावा लागतो. एका पानावर चार-चार दिवस घालवल्यानंतर त्या झाडाविषयी माणसाला काय वाटू लागते, हे टोपणनावाआड राहून एका वाक्यात निकाल देणाऱ्याला कसे समजावे?

आणि मी केवळ पुण्यात बसलेली नाही. १९९४ च्या जूनमध्ये मी गोमुखाला गेले होते. भूर्जावरून ज्याचे नाव पडले, त्या भोजबासाला पोहोचेपर्यंत डोळे भूर्जाची झाडे शोधत होते, आणि तिथे दिसली ती बहुतेक खुंटे. ज्या टपरीवर आम्ही थांबलो, तिच्या मागे फांद्यांची रास होती, पांढरट तांबूस साल अजून अंगाला चिकटलेली. चूल पेटवणारा मुलगा ओंडक्याची साल ओरबाडून काडी लावत होता, आणि पावसात भिजलेली ती साल घासलेट ओतल्यासारखी भुरुभुरु पेटत होती. त्या चुलीवरचा चहा मीही प्यायले आहे आणि त्याची बोच आजतागायत गेलेली नाही. भोजबासाचे वन लेखणीने खाल्ले नाही. ते यात्रेकरूंच्या, गिर्यारोहकांच्या आणि टपऱ्यांच्या चुलींनी खाल्ले. म्हणूनच हर्षवंती बिष्ट यांचे काम मला फार मोठे वाटते. १९८१ मध्ये नंदादेवीचे शिखर गाठलेल्या या गिर्यारोहक प्राध्यापिकेने नव्वदीच्या दशकात त्याच वाटेवरच्या चिरबासाला रोपवाटिका केली, भोजबासाला भूर्जाची हजारो रोपे लावली आणि ती जगवण्यासाठी वर्षानुवर्षे झटल्या. माझ्या मूळ लेखातले दोन पूर्ण परिच्छेद त्यांच्यावर होते. ते आपण वाचले असते, तर आपली भाषा थोडी वेगळी झाली असती, अशी माझी समजूत आहे.

‘साल काढली की झाड मरते’ हे विधान अर्धवट आहे. भूर्जाच्या खोडावरची साल दोन प्रकारची असते. बाहेरची पापुद्र्यांची, जी पिकल्यावर वाऱ्याने आपोआप सुटून फडफडत राहते आणि जिच्यावर आडव्या बारीक रेघा असतात. आणि तिच्याखालची ओली अंतर्साल, जिच्यातून पानांनी केलेले अन्न मुळांपर्यंत उतरते. अंतर्साल खोडाभोवती गोल कापली, तर झाड उपाशी मरते, यात वाद नाही. परंतु मी लिहिले होते ते पडलेल्या झाडांच्या आणि आपसूक सुटलेल्या सालीविषयी. जिवंत झाडाला सुरी लावावी, असे मी कुठे लिहिले आहे, ते वाक्य कृपा करून दाखवावे. गंगोत्री राष्ट्रीय उद्यानात तर काडीही उचलू नये, हे लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात आहे.

काश्मीरच्या जुन्या घरांच्या छपरांत मातीखाली भूर्जाच्या सालीचे थर घालत, कारण ती पाणी आत येऊ देत नाही. आज उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात नीती-माणा खोऱ्यांतल्या महिला भूर्जपत्रावर सुंदर अक्षरे लिहून ती यात्रेकरूंना विकतात. जुलै २०२३ च्या ‘मन की बात’मध्येही त्यांचा उल्लेख झाला. त्या बायकांच्या हातात येणारा पैसा आपल्याला नको असेल, तर तसे स्पष्ट म्हणावे. ज्यांना या झाडावर चार पैसे मिळतात, त्याच त्याची राखण करतील, असे मी मानते. आपण मानत नसाल, तर आपला तोडगा काय, हेही लिहावे. कुंपण घालून कुलूप लावणे हा तोडगा सुचवायला सोपा असतो, आणि ज्या वनपंचायतींच्या, म्हणजे गावाचे वन सांभाळणाऱ्या गावकऱ्यांच्या समित्यांच्या, हद्दीत ही झाडे आहेत, त्यांना तो सुचवायला आपण जाणार आहात का, हाही प्रश्न आहे.

राहता राहिला ‘मोजणार कोण’ हा मुद्दा. तो वनखात्याचा आणि वनपंचायतींचा विषय आहे, माझ्या लेखाचा नव्हे, त्यामुळे त्यावर इथे अधिक लिहीत नाही.

यापुढे आपण स्वतःच्या नावानिशी लिहिलेत, तर मी अवश्य उत्तर देईन. टोपणनावाने आलेल्या पुढच्या प्रतिक्रिया तशाच राहतील, काढून टाकणार नाही, पण त्यांना उत्तरही देणार नाही.