‘कोल्ड’ला फुल फॉर्म नाही: एका फॉरवर्डला उत्तर

‘रोजच्या इंग्रजी शब्दांचे फुल फॉर्म’ ही यादी वर्षानुवर्षं फिरते आहे. या आठवड्यात ती घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आली आणि सहावीतल्या भाचीने जनरल नॉलेजच्या वहीत उतरवून घेतली. न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ. चेस म्हणजे चॅरियट, हॉर्स, एलिफंट, सोल्जर्स. डेट म्हणजे डे अँड टाइम इव्होल्यूशन. टी म्हणजे टेस्ट अँड एनर्जी ॲडमिटेड. बाय म्हणजे बी विथ यू एव्हरीटाइम. आणि कोल्ड म्हणजे क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह लंग डिसीज. यातला एकही शब्द असा झालेला नाही.

सुरुवात कोल्डपासूनच करायला हवी. बाकीच्या ओळींनी फार तर एखादा मार्क जाईल. ही ओळ तब्येतीवर बेतू शकते.

कोल्ड म्हणजे थंड. हा जुना जर्मॅनिक शब्द, जर्मनमध्ये आजही ‘काल्ट’ आहे. जानेवारीत पहाटे येऊरला वाजते ती थंडी कोल्ड आणि तुटक बोलणारा माणूसही कोल्ड. आजाराचा अर्थ त्याला सोळाव्या शतकात चिकटला, कारण गारठा बाधला की नाक वाहतं असा समज होता. आपल्याकडेही हेच घडलंय: फारसीत ‘सर्द’ म्हणजे थंड, त्यावरून सर्दी. सर्दीचा फुल फॉर्म कोणी शोधत नाही, मग कोल्डचा कशाला?

आता अर्धं खरं. क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह लंग डिसीज नावाचा आजार आहे, आणि त्याची आद्याक्षरं सी-ओ-एल-डी अशी लिहिलीही गेली आहेत. आज डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात, ‘लंग’च्या जागी ‘पल्मनरी’, अर्थ तोच. पण ती सर्दी नव्हे. सर्दी विषाणूंमुळे होते, बहुतेकदा ऱ्हायनोव्हायरसमुळे, आणि साधारण ७ ते १० दिवसांत आपोआप उतरते. सीओपीडीत विडी-सिगारेट, चुलीचा धूर किंवा कामाच्या जागची धूळ यांनी श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात. तो आटोक्यात ठेवता येतो, पुरता बरा होत नाही. निदान स्पायरोमेट्रीने होतं. श्वासनलिका रुंदावणारं औषध ओढायला देतात आणि मग नळीत जोरात फुंकायला सांगतात. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा एकूण फुंकलेल्या हवेच्या ७० टक्क्यांहून कमी भरली, तर नलिका अडल्या आहेत असं धरतात. आता बिघडतं कुठे ते बघा. जिना चढताना धाप लागते, सकाळी कफ पडतो, खोकला महिनोन्‌महिने हटत नाही, आणि आजोबा ‘कोल्ड आहे’ म्हणून वाफ घेत बसतात. तपासणी राहून जाते. उलट नाक गळणाऱ्या मुलाची आई ही यादी वाचून विनाकारण घाबरते.

डेटमागे तर दोन वेगळे शब्द आहेत. तारखेचा डेट लॅटिन ‘दाता’वरून आला, म्हणजे ‘दिलेली’. रोमन लोक पत्रावर ‘रोम येथे दिले’ असं लिहून पुढे दिवस घालत. त्या ‘दिले’लाच पुढे तारखेचा अर्थ आला. कॉम्प्युटरवरचा डेटा याच शब्दाचा भाऊ, आणि संस्कृत ‘दत्त’ही याच कुळातला. भेटायची वेळ ठरवतात ती डेट यातूनच, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत निघालेली. वाशीच्या एपीएमसीत पेट्यांनी विकला जातो तो खजूर, म्हणजेही डेट, तो मात्र ग्रीक ‘डाक्टुलोस’वरून. त्याचा अर्थ बोट. फॉरवर्डमधल्या ‘डे अँड टाइम’चा दोघांशीही संबंध नाही.

चेसच्या बाबतीत एक गोष्ट मान्य करावी लागते. रथ, घोडे, हत्ती, पायदळ ही चार अंगं खरी आहेत, बुद्धिबळाचं ‘चतुरंग’ हे जुनं नाव त्यांच्यावरूनच पडलं. पण इंग्रजी शब्द तिथून आलेला नाही. तो जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी फारसी ‘शाह’, म्हणजे राजा, आहे. पटावर आपण ‘शह’ देतो तो हाच शब्द. इतकं जवळचं नातं समोर असताना मुलांना बनावट आद्याक्षरं पाठ करायला लावायची, याचा राग येतो.

बायमध्येही ‘बी विथ यू’ योगायोगाने बरोबर निघालंय: ‘गॉड बी विथ यी’ हे बोलता बोलता झिजून गुडबाय झालं आणि पुढे नुसतं बाय उरलं. ‘एव्हरीटाइम’ मागाहून चिकटवलेलं. टी हा चीनच्या फुजियान किनाऱ्यावरचा ‘ते’, डच व्यापाऱ्यांनी युरोपात नेलेला; आपला चहा दुसऱ्या चिनी उच्चारातून, ‘चा’तून, आला. न्यूज म्हणजे ‘न्यू’चं अनेकवचन, नव्या गोष्टी.

पडताळणी घरी करता येते. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८८४ ते १९२८ अशी भागाभागांनी निघाली) प्रत्येक अर्थाखाली जुनी वाक्यं सालासकट देतो. आधी सर्वांत जुनं साल बघा. आद्याक्षरांचे शब्द करायची पद्धत विसाव्या शतकात फोफावली, ‘ॲक्रोनिम’ हे नावच इंग्रजीत १९४० च्या आसपासचं. शब्द पाच-सातशे वर्षं जुना असेल तर फुल फॉर्मवर विश्वास ठेवू नका. मग शेजारच्या भाषा बघा: फ्रेंचमध्ये ‘ते’, जर्मनमध्ये ‘टे’ असताना इंग्रजी आद्याक्षरं कुठून येणार? शेवटी जुनं स्पेलिंग. न्यूज पूर्वी एन-ई-डब्ल्यू-ई-एस असं लिहीत. त्यात ई दोनदा येतो, म्हणजे चार दिशांचा हिशेब तिथेच मोडतो.

खरे फुल फॉर्म हवेत तर रडार आणि लेझर आहेत: ‘रेडिओ डिटेक्शन अँड रेंजिंग’ आणि ‘लाइट ॲम्प्लिफिकेशन बाय स्टिम्युलेटेड एमिशन ऑफ रेडिएशन’. भाचीच्या वहीत हे दोन राहतील. कोल्डपुढे ‘थंड, सर्दी’ एवढंच.