एसीतनं हवा येत नाही म्हणजे 'गॅस संपला'? कुणी सांगितलं ओ?

गेल्या आठवड्यापासनं व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरतोय, 'एसीतून हवा येत नाही? मेकॅनिकला एक रुपया देऊ नका, घरीच करा'. असलं काय आलं की मी सोडून देतो. पण परवा कोल्हापुरातल्या राजारामपुरीतनं आत्तीचा फोन, "अरे, कपॅसिटर म्हंजे ती डबीच न्हवं? स्टुलावर चढलोय बघ, स्क्रूड्रायव्हर हातात हाय." वय ६८. म्हणून हे लिहायला लागतंय.

मेसेजात आहे ते असं: हवा नाही म्हणजे गॅस संपला, दर उन्हाळ्याला दोन किलो भरून घ्या, कपॅसिटरची (वीज साठवून मोटर फिरवायला मदत करणारी डबी) दोन टोकं स्क्रूड्रायव्हरनं जोडा, ठिणगी उडाली तर तो चांगला, आत बर्फ दिसला तर सुरीनं काढा, १६ वर लावा म्हणजे ब्लोअर जोरात फिरतो, फिल्टर महिन्याला धुवा. शेवटचं बरोबर आहे. कौतुक संपलं.

गॅसचं आधी बघू. हवा न येणं आणि हवा गार न येणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत राव. हवा फेकायचं काम आतल्या युनिटमधल्या ब्लोअरचं, त्याला स्वतःची मोटर असते, गॅसचा त्या मोटरशी संबंध नाही. आणि गॅस 'संपत' नसतो, तो बंद पायपातनं फिरत राहतो. फ्रीजमध्ये दरवर्षी गॅस भरता का कधी? कमी झाला म्हणजे कुठंतरी लीक आहे, आणि लीक न शोधता भरला तर पुन्हा जाणारच. दोन किलो तर कहरच! बाहेरच्या युनिटला बाजूला स्टिकर असतो, कंपनीनंच चिकटवलेला, त्यावर गॅस कुठला आणि किती ते स्पष्ट छापलेलं असतं. दीड टनाच्या आर-३२ (हा गॅसचाच एक प्रकार) वाल्या स्प्लिटवर साधारण किलोच्या आतलाच आकडा असतो. मेसेज लिहिणाऱ्यानं तो स्टिकर वाचला असता तर पुढचं काहीच लिहिलं नसतं.

आता एक मान्य करतो, नाइलाजानं. गॅस कमी झाला की कॉइल, म्हणजे आतली गार होणारी नळ्यांची जाळी, शून्याच्या खाली जाते, वर बर्फ धरतो, आणि बर्फानं वाट अडली की हवा खरंच येईनाशी होते. पण तुंबलेल्या फिल्टरनंही हेच होतं. आत्तीकडं तेच होतं, फिल्टरवर नख मारलं तर राखाडी पापुद्राच निघून आला, सगळी जाळी बुजलेली. धुतला, एसी बंद ठेवून बर्फ वितळू दिला, संध्याकाळी हवा चालू. गॅसला हातसुद्धा लावला नाही.

आणि बर्फाला सुरी? मागं कॉइलची नळी असते ओ. भोक पडलं की आज नसलेला लीक उद्या पैदा. वर आर-३२ पेट घेऊ शकतो, आणि काही एसीत आर-२९० असतो, तो तर प्रोपेन, घरातल्या सिलिंडरमध्ये असतो त्यातलाच एक. एसी बंद करा आणि थांबा, किंवा नुसत्या फॅन मोडवर ठेवा, दुसरं काही करायचं नाही.

पण डोकं फिरवणारा मुद्दा कपॅसिटरचा. ब्लोअरचा कपॅसिटर जाऊ शकतो हे खरं, मग मोटर गुणगुणते आणि फिरत नाही, पंख्याचं होतं तसंच. पण ठिणगीनं काय कळतं? चार्ज आहे एवढंच. कमजोर कपॅसिटरही ठिणगी देतो, आणि चांगल्याचा चार्ज मोटरच्या वाइंडिंगमधनं आधीच उतरलेला असला तर ठिणगी येतच नाही, म्हणजे चांगला फेकाल आणि खराब ठेवाल. तो मीटरवर मायक्रोफॅरडमध्ये (कपॅसिटरच्या क्षमतेचं माप) मोजायचा असतो, उद्यमनगरात मोटर भरणाऱ्या कुणालाही विचारा. शिवाय बऱ्याच नव्या एसीत ब्लोअरला तसला सुटा कपॅसिटर नसतोच, सगळं बोर्डवरनं चालतं. आणि त्याच नादात कुणी इन्व्हर्टर एसीचं बाहेरचं युनिट उघडलं तर? तिथल्या बोर्डच्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर असतात आणि स्विच बंद केल्यावरही ते काही वेळ तिथंच असतात. गच्चीच्या कठड्याजवळ उभं राहून त्यात स्क्रूड्रायव्हर घालायचा? ही अक्कल पाठवणाऱ्यानं आधी स्वतःच्या घरी वापरून दाखवावी.

१६ चं तर सोडाच. तो टेंपरेचरचा आकडा, ब्लोअरच्या स्पीडचं बटण वेगळं. बीईईच्या (वीजबचत बघणारी केंद्राची संस्था) नियमानं १ जानेवारी २०२० पासनं स्टारवाले एसी डिफॉल्ट २४ वर येतात, एक डिग्री वाढवली की साधारण सहा टक्के वीज वाचते असं तेच सांगतात. १६ नं फक्त बिल फिरतं जोरात.

मग घरी बघायचं काय? रिमोट ड्राय मोडवर नाही ना बघा, त्यात ब्लोअर मुद्दाम हळू चालतो. पट्ट्या उघडल्यात का बघा. वळीव पडून लाइट गेली-आली असेल तर स्टॅबिलायझर काही मिनिटं सप्लाय सोडत नाही, तेवढ्यात धा वेळा रिमोट दाबू नका. फिल्टर काढून धुवा, वाळवा. एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा बोर्डावरचा स्विच) पडली तर एकदा वर करा, परत पडली तर हात लावू नका.

एवढ्यावर नाही झालं तर मेकॅनिकला बोलवा, पण फोनवर 'गॅस भरायचाय' म्हणू नका, 'ब्लोअर फिरत नाही' किंवा 'बर्फ धरतोय' असं जे दिसतंय ते सांगा. गॅस कमी आहे म्हणाला तर लीक कुठं आहे ते दाखव म्हणायचं, आणि तो बुजवल्यावर वजनकाटा लावून, स्टिकरवर आहे तेवढाच भरून घ्यायचा.