वयाइतकी रोपं, पण वजनाचं काय?

आरे असो की कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठीचं तपोवन, आपल्याकडचा वाद शेवटी एकाच आकड्यावर येतो: तोडणार किती, लावणार किती. महाराष्ट्राच्या वृक्ष कायद्यात 2021 साली दुरुस्ती झाली. 50 किंवा त्याहून जास्त वर्षांचं झाड वारसा वृक्ष ठरलं, आणि ते तोडायची वेळ आलीच तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची असं ठरलं. ऐकायला भरभक्कम वाटतं. पण इथे ॲमेझॉनमध्ये, ब्राझीलमधल्या मनौस शहराजवळच्या राखीव जंगलांत हिशेब नगांत करत नाहीत, किलोत करतात.

पद्धत साधी आहे. जमिनीपासून 1.3 मीटरवर टेप गुंडाळायचा. वेल असेल तर टेप तिच्याखालून सरकवायचा. बुंध्याला फळीसारखी आधारमुळं (इथे त्यांना 'सापोपेमा' म्हणतात) फुटलेली असतील, तर ती संपतात तिथून अर्धा मीटर वर मोजायचं, मग शिडी लावावी लागली तरी चालेल. हा कंटाळा महागात पडतो, कारण व्यास 10 टक्के चुकला की वजन 20 टक्के चुकतं. घेराला 3.14 ने भागायचं विसरून घेरच व्यास म्हणून भरला, तर झाड कागदावर नऊपट जड होतं!

मग व्यासाचा वर्ग (सेंटिमीटर), उंची (मीटर) आणि लाकडाची घनता (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर) यांचा गुणाकार करायचा, त्याचा 0.976 वा घात घ्यायचा आणि 0.0673 ने गुणायचं. येतं ते जमिनीवरच्या भागाचं कोरडं वजन, किलोत. त्यातला सुमारे 47 टक्के कार्बन. घनता जातीनुसार बदलते. आपल्या सावरीच्या कुळातली इथली 'सामाउमा' अवाढव्य दिसते, पण लाकूड हलकं, घनता 0.3 च्या आसपास. तेवढ्याच मापाचं 0.6 घनतेचं झाड जवळपास दुप्पट कार्बन धरून असतं.

आता आपल्याकडचं एक झाड घेऊ: घेर 188 सेंमी म्हणजे व्यास 60, उंची 15 मीटर, घनता 0.6. वजन सुमारे 1,700 किलो. (शहरात फांद्या छाटलेल्या असतात, तिथे थोडं कमी धरा.) वय 50, म्हणून 50 रोपं. काही वर्षांनी प्रत्येक रोप 5 सेंमी जाड आणि 5 मीटर उंच झालं, तर एकेकाचं वजन साडेचार किलो. एकही न मरता सगळी जगली तरी एकूण 230 किलोच्या आत. बरोबरीला यायला 370 हून जास्त रोपं लागतील.

इथलं सगळं आलबेल आहे असं नाही. ॲमेझॉनचा आग्नेय भाग आता शोषतो त्याहून जास्त कार्बन सोडतो, हे विमानातून घेतलेल्या हवेच्या, 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत दिसलं. तोड, आगी आणि लांबलेला कोरडा हंगाम ही त्याची कारणं. शाबूत जंगलाचं वार्षिक शोषणही हेक्टरी अर्ध्या टनाच्या आसपासच असतं, साठा मात्र शंभर टनांच्या वर. म्हणून 'जगाची फुफ्फुसं, ऑक्सिजनचा कारखाना' ही आपल्या मोर्चांमधली घोषणा मला लंगडी वाटते. जंगल जवळजवळ सगळा ऑक्सिजन स्वतःच वापरून टाकतं. भांडायचं ते साठ्यासाठी.

वृक्षतोडीच्या जाहीर सूचनेत झाडाची जात, घेर आणि उंची छापली, तर हा हिशेब कुणालाही मोबाइलवर करता येईल. आणि सात वर्षांनी त्याच रोपांचा घेर पुन्हा छापायचा, मेलेल्यांसमोर शून्य लिहून.