मुरुमांची ट्यूब फेकायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

वाडीच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. 'मुरुमांवर डॉक्टर देतात ती डबल औषधाची ट्यूब विष आहे. कातडी जाळते, पातळ करते, अँटिबायोटिक रक्तात भिनतं. त्यापेक्षा लिंबाचा रस चोळून सकाळच्या उन्हात बसा.' माझ्या अकरावीतल्या पुतणीने तो वाचला, दहाच दिवस लावलेली अ‍ॅडापलीन-क्लिंडामायसिनची जेल कचऱ्यात टाकली आणि लिंबू चोळून खळ्यात बसली. तिसऱ्या दिवशी फोन आला, "आत्या, गाल भाजल्यासारखा झालाय गो."

म्हणून आधी लिंबाचंच बोलते. लिंबात, सालीत तर जास्तच, फ्युरोकुमारीन नावाची द्रव्यं असतात. ती अंगाला लागलेली असताना ऊन पडलं की कातडी पोळते, फोडही येतात आणि मागे राहिलेले काळे डाग महिनोन्महिने जात नाहीत. पोरीच्या डाव्या गालावर रस जसा ओघळला, तश्शी हनुवटीपर्यंत रेघ उठलीय. आधी लाल होती, आता काळी पडत चाललीय. आंब्याच्या चिकाने भाजलेले गाल आपण दर हंगामात बघतो. तो चीक वेगळा, पण झाडाचं म्हणजे निर्धोक नव्हे, हे कोकणातल्या माणसाला सांगायला लागावं?

'कातडी जाळते' यात थोडं खरं आहे, तेवढं मान्य. अ‍ॅडापलीन हे रेटिनॉइड, म्हणजे व्हिटॅमिन ए च्या जातीचं औषध. छिद्रांच्या तोंडाशी साचणाऱ्या मेलेल्या पेशी ते साचू देत नाही, आणि पहिले दोन-चार आठवडे आग होते, सालं निघतात. म्हणून रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, सगळ्या तोंडाला मिळून मटाराच्या दाण्याएवढीच लावायची. फार झोंबलं तर एक दिवसाआड, वर मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे जातात. हे पोरीला दवाखान्यात कुणीच सांगितलं नव्हतं. दोन मिनिटांचं काम होतं, याचा मला मेसेजइतकाच राग आहे.

कातडी पातळ होते ती गोरं होण्यासाठी म्हणून खपणाऱ्या स्टिरॉइडच्या क्रीमने. मेसेजवाल्याने दोन्ही एकाच टोपलीत घातलंय.

जेलमधलं दुसरं औषध क्लिंडामायसिन, तेच अँटिबायोटिक. वरून लावलेलं ते रक्तात अगदी थोडं जातं. जुलाब लागले, शौचातून रक्त पडलं, तर मात्र बंद करून लगेच डॉक्टरांना सांगायचं. खरा धोका मेसेजात नाहीच: अँटिबायोटिक एकटंच लावत राहिलं की जंतू निर्ढावतात. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ डर्मटॉलॉजीची २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात, अँटिबायोटिक एकटं नको, जोडीला बेंझॉइल पेरॉक्साइड हवं, म्हणजे जंतू मारणारं पण अँटिबायोटिक नसलेलं औषध. म्हणूनच औषधं जोडीने देतात. पोरीच्या जेलमध्ये बेंझॉइल पेरॉक्साइड नाही, ते डॉक्टरांना विचारायचं. मुरुमं आटोक्यात आली की अँटिबायोटिक थांबवतात, रेटिनॉइड पुढे चालू राहतं. गरोदर बाईने मात्र रेटिनॉइड लावू नये.

वहिनीने विचारलं, "आता काय लावू हिला?" सध्या उन्हापासून जपा, लिंबू-हळद-टूथपेस्ट काही नको. गाल बरा झाला की त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून जेल परत सुरू करू. आणि ज्यांनी तो मेसेज ग्रुपवर टाकला त्यांनी तो आजच काढावा. वाडीत त्याच वयाच्या अजून चार पोरी आहेत.