टेस्टच्या आधी बीटा-ब्लॉकर बंद करा म्हणे!

फोंड्यापासून पेडण्यापर्यंत ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असं, की हार्टचा पेशंट बीटा-ब्लॉकरवर (ठोके आणि बीपी उतरवणारी गोळी) असेल तर ऑटोनॉमिक नसांची (ठोके, बीपी आपोआप सांभाळणाऱ्या नसा) टेस्ट फुकट जाते, म्हणून तीन दिवस आधी गोळी आपणच बंद करायची, आणि तसंही ही गोळीच नसा मारते. वर "डॉक्टर हे सांगणार नाहीत" ही फोडणी आहेच.

आधी गोळी बंद करायचं बघू, कारण जीवावर बेतणारं तेच आहे. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल वगैरे बरेच दिवस घेतली की हृदयावरचे बीटा रिसेप्टर (अ‍ॅड्रेनालिन जिथे येऊन बसतं त्या जागा) वाढतात, मग गोळी एकदम तोडली की नेहमीच्याच अ‍ॅड्रेनालिनला हृदय जास्त जोरात उसळतं, अँजायना म्हणजे हृदयाचं छातीत दुखणं वाढतं, कुणाला अटॅकही येतो. म्हणून तर ती बंद करायचीच असेल तर 1-2 आठवड्यांत हळूहळू उतरवतात. काही लॅब टेस्टआधी गोळी थांबवायला सांगतात हे खरंय, पण कुणाची थांबवायची ते कार्डिओलॉजिस्ट ठरवणार, मेसेजवाला नाही. आणि एकदम तोडून टेस्ट केली तर रिपोर्टात त्या उसळीचाच गोंधळ दिसेल ना!

आता "टेस्ट फुकट". ही एक टेस्ट नसते हो, पाच-सहा असतात. पेशंटला झोपवून मिनिटाला 6 श्वास घ्यायला लावतात, 5 सेकंद आत, 5 सेकंद बाहेर, ईसीजी चालू. श्वास घेताना ठोके वाढतात, सोडताना उतरतात, आणि तो फरक मिनिटाला 10 ठोक्यांपेक्षा कमी आला तर गडबड मानतात (वयाप्रमाणे इकडेतिकडे). हा चढउतार मुख्यतः व्हेगस नस (ठोके सावकाश करणारी) करते, आणि बीटा-ब्लॉकर व्हेगसला अडवतच नाही, तो सिंपथेटिक म्हणजे ठोके वाढवणाऱ्या बाजूला अडवतो. त्यामुळे ही टेस्ट गोळी चालू असतानाही बऱ्यापैकी वाचता येते. व्हॅल्साल्व्हात म्हणजे नळीत जोर लावून फुंकताना ठोके वाढायला हवेत ते दबतात, ट्रेडमिलवरही तसंच, तिथे मेसेजात अर्धं खरं आहे. कार्व्हेडिलॉल हा बीटा-ब्लॉकर रक्तवाहिन्या आवळणारे अल्फा रिसेप्टरही अडवतो, त्यावर उभं राहिल्यावर बीपी पडलं तर गोळीचाही संशय घ्यायचा. म्हणून फॉर्मवर गोळीचं नाव, डोस, किती वाजता घेतली ते लिहायचं, बस.

"नसा मारते" हे तर साफ खोटं. गोळी रिसेप्टरवर बसते, नस जागच्या जागी असते. नसा खरंच कोण खातं तर डायबिटीस, आणि 2023 साली आलेल्या आयसीएमआरच्या देशभराच्या सर्व्हेत गोवा डायबिटीसमध्ये पहिला, 26.4 टक्के! शुगर 300 आणि शिव्या गोळीला, वा रे वा.

उलटंही चालतंय. गोळी सुरू झाल्यावर स्मार्ट घड्याळातला एचआरव्ही (दोन ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं त्याचा आकडा) वाढला, म्हणजे हृदय बरं झालं म्हणून काही काका लोक डोस अर्धा करायला निघालेत. अहो, ठोके सावकाश झाले की दोन ठोक्यांमधलं अंतर वाढतं आणि त्यानेच तो आकडा थोडा फुगतो, हृदय बरं झाल्याचं ते सर्टिफिकेट नव्हे. मधे मधे ठोका चुकत असेल किंवा एएफ (ठोके कायम अनियमित पडणं) असेल तर तो आकडा बघूच नका.

आणि मेसेजात नसलेली गोष्ट: काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंबही बीटा-ब्लॉकरच, डोळ्यातून रक्तात जातात. फॉर्मवर तेही लिहा.